लाल पाच रुपये

किराणा दुकानदारानं मायच्या हातातलं पाच रुपयांचं नाणं घेतलं, उजेडाकडं धरून उलटंपालटं केलं आणि काउंटरवरून परत तिच्याकडं ढकललं.

"हे नाई चालत बाई. खोटं हाये."

मी मागं साखरेची पिशवी धरून उभी होते. तेव्हा मी अकोल्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मायनं नाणं उचललं नाही. कमरेला खोचलेल्या पिशवीतून तिनं दुसरं काढून ठेवलं. तेही तसंच. मग तिसरं. तिन्ही नाणी लालसर होती, तांब्याची नवी तार असते तशी. एकाच्या कडेला तेवढा मूळचा पिवळा रंग राहिला होता.

"एवढे सारे खोटे पैसे तुमच्यापाशीच कसे येतात?" दुकानदारानं विचारलं, आणि मग रांगेतल्या बाकीच्यांकडं बघून म्हणाला, "त्या वस्तीतून येऊन राहिले हे."

त्या वस्तीतून म्हणजे आमच्या. रेल्वे रुळापलीकडची, निळ्या झेंड्याची, बुद्धविहाराची आमची वस्ती. मायनं माझ्या हातातली साखर घेऊन काउंटरवर ठेवली, तिन्ही नाणी उचलली आणि आम्ही घरी आलो. रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, "चहा बिनसाखरेचा पिऊ आज."

माय लोणचं विकायची. भाजीबाजाराच्या तोंडाशी एका कडुनिंबाखाली तिची बसायची जागा होती. लिंबाचं, आंब्याचं, मिरचीचं अशा तीन बरण्या, एक तराजू आणि नाण्यांसाठी एक बिनझाकणाचा प्लास्टिकचा डबा. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात रखवालदार होते. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि माझं शिक्षण लोणच्यावर. गिऱ्हाइकांत मेसवाले होते, होस्टेलची पोरं होती, बांधकामावरचे मजूर होते. काही बाया आधी विचारायच्या, "तुमी कुठं राहता बाई?" माय वस्तीचं नाव ठणठणीत आवाजात सांगायची. त्यातल्या काही जणी मग "येताना घेतो" म्हणून पुढं जायच्या. आमच्याकडं बायाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्या येताना कधी यायच्या नाहीत. माय त्यांच्या पाठीकडं बघत राहायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची.

नाणी कधीपासून लाल पडायला लागली ते आम्हाला कळलंच नव्हतं. पाच रुपयांचं जुनं पांढरं जाड नाणं कमी होत गेलं आणि हे नवं पिवळं आलं, त्यानंतरच कधीतरी. माय नोटा आधी खर्च करायची, नाणी माझ्या बससाठी आणि वह्यांसाठी मागं ठेवायची. त्यामुळं डब्याच्या तळची नाणी महिना महिना तिथंच राहायची.

किराणा दुकानातल्या त्या प्रसंगाला आठवडा झाला नसेल, एक पोलीस शिपाई कडुनिंबाखाली आला आणि मायला बाजारातल्या चौकीवर घेऊन गेला. शेजारच्या कांदेवालीनं मला फोन केला. मी कॉलेजातून धावत गेले. माय बाकावर बसली होती. समोरच्या टेबलावर सात लाल नाणी एका ओळीत मांडलेली होती. चौकीतले साहेब वयानं बाबांएवढे होते. ते एकेक नाणं फरशीवर टाकून आवाज ऐकत होते.

"आवाज तर खरा वाटतो," ते म्हणाले. "पण रंग बघा. कुठून आणले हे?"

"लोकायनं देल्ले," माय म्हणाली. "लोकायलेच परत देतो."

"म्हणजे खोटी नाणी बाजारात चालवता."

"साहेब, मले टाकसाळ काढाची असती तर मी पाचाचे नाणे काहून काढले असते? पाचशेच्या नोटा नसत्या काढल्या?"

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. साहेबांनाही हसू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "बरं, जा तुम्ही. नाणी इथं राहू द्या. तपास करू."

तेव्हा बारा वाजायचे होते. मी मायचा दंड धरला, म्हटलं, चल. ती उठली नाही.

"लिवून द्या," ती साहेबांना म्हणाली.

"काय लिहून द्यायचं?"

"का या बाईचे सात नाणे आमी ठेवून घेतले. खोटे असतीन तर खोटे लिवा, खरे असतीन तर खरे लिवा."

"अहो, पस्तीस रुपयांसाठी कागद करू काय?"

"पस्तीस रुपयांसाठी मले बाजारातून सगळ्यायच्या समोर उठवून आणलं न तुमी."

साहेब चिडले. त्यांनी आवाज चढवला, बाहेर बसायला सांगितलं. माय बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. ऊन अंगावर आलं तशी ती सावलीकडं सरकली, पण पायरी सोडली नाही. मी पाणी आणलं. तिच्याशेजारी बसून मला लाज वाटत होती, ते मी आता कबूल करते. जाणारे-येणारे बघत होते, त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर भाजी घेत होती. मी ओढणी डोक्यावरून घेतली. मायनं ते पाहिलं. चार वाजता तो शिपाई बाहेर आला आणि कागदाच्या पुडीत बांधलेली सातही नाणी त्यानं तिच्या हातात दिली. "जा मावशी," तो म्हणाला, "साहेबायचं डोकं दुखून राहिलं."

मायनं पुडी उघडून नाणी पाहिली आणि मगच ती उठली.

पण बाजार तो बाजार. लोणचेवालीकडं खोटे पैसे असतात, तिला चौकीत नेलं होतं, एवढीच गोष्ट पसरली. ती परत आली आणि नाणी घेऊन आली, हा भाग कुणी सांगितला नाही. मोठ्या मेसवाल्यानं लोणचं बंद केलं. बाया सुटे घ्यायला कचरायला लागल्या. मी मायला म्हटलं, डब्याला झाकण लाव, लाल नाणी घरी ठेव, दुसरी पुढं कर.

"झाकण लावलं का लोकं म्हनतीन, पाहा, लपवून राहिली," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं एक स्टीलची ताटली आणली, सगळी लाल नाणी तिच्यात ओतली आणि बरण्यांच्या पुढं, रस्त्याच्या बाजूला मांडली. कुणी विचारलं की सांगायची, "हे माये पैसे आहेत. सरकारी आहेत. घ्याचे असतीन तर घ्या, नाईतर सुटे आणा."

मला त्या ताटलीचा राग यायचा. पण त्या ताटलीमुळंच मी विचार करायला लागले. मनातल्या मनात तिला विचारायचे, खोटी नाहीत म्हणतेस, मग लाल काय म्हणून?

आमच्या घरी एक पितळी घागर होती, मायच्या लग्नातली. विहारात कार्यक्रम असला की ती बाहेर निघायची. त्या वर्षी मी ती चिंचेनं घासायला घेतली, चिंच-मीठ चोपडलं आणि मैत्रीण आली म्हणून गप्पा मारत बसले. परत येऊन धुतली तर जिथं चिंचेचा थर जाड होता तिथं घागर गुलाबी पडली होती. माय ओरडली, "किती येळ ठेवलं? लाल केली न घागर!" राख लावून घासल्यावर ती पुन्हा पिवळी झाली. मी घागर तशीच ओली हातात धरून उभी राहिले. मायच्या डब्याच्या तळाशी काय होतं? चमच्यावरून ठिबकलेला लिंबाचा रस आणि मीठ. बोटभर खारट-आंबट पाणी कायमच साचलेलं. आणि ते नवं नाणं पिवळं होतं, कारण त्यात तांब्याबरोबर जस्त होतं.

कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या सरांना मी विचारलं. ते म्हणाले, परीक्षेला येणार नाही ते विचारू नको. मग मी प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमकडं गेले. त्या कडक होत्या, पण त्यांनी ऐकून घेतलं. नाणं मात्र हातात घेतलं नाही. "नाण्याला काही करायचं नाही, कायद्यानं गुन्हा आहे," त्या म्हणाल्या. "पितळेचे नट आण."

मी हार्डवेअरच्या दुकानातून नळाचे चार पितळी नट आणले. लिंबाचा रस, मीठ आणि पाणी एका बीकरमध्ये घालून त्यात ते टाकले आणि बीकर कपाटात ठेवला. रोज बघायचे. तीन आठवड्यांनी नट मायच्या नाण्यांसारखे लाल झाले होते. मॅडमनी त्यातलं पाणी गाळायला लावलं. आधी तांबं बाजूला काढायचं, मग जस्त शोधायचं, अशी पायरीपायरीनं परीक्षा असते. त्यासाठी जो वायू सोडतात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. आम्ही रुमाल नाकाशी धरून उभ्या होतो. चौथ्या पायरीला परीक्षानळीत पांढरा साका उतरला.

"जस्त," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे नाण्यावर लाल रंग कुणी चढवला नव्हता. उलट त्यातून काहीतरी निघून गेलं होतं. आंबट-खारट पाण्यानं जस्त वेचून नेलं होतं आणि मागं नुसतं तांबं उरलं होतं. नाणं खरंच होतं. मायच्या डब्यात बसून बसून त्याचा वरचा पदर बदलला होता, एवढंच.

मी वही घेऊन किराणा दुकानात गेले. परीक्षानळीचं चित्रसुद्धा काढलं होतं. दुकानदारानं अर्धं ऐकलं. "तुमचं शास्त्र कॉलेजात ठेवा ताई," तो म्हणाला, "इथं गिऱ्हाईक घेते का नाई, तेवढंच शास्त्र."

घरी येऊन मी रडले. मायनं मला रडू दिलं, मग म्हणाली, "चाल बँकेत."

बँकेत खिडकीपलीकडं एक तरुण बाई होती. मायनं ताटलीतली मूठभर नाणी पुढं केली आणि म्हणाली, "मॅडम, हे खरे का खोटे, एवढंच सांगा." त्या बाईनं एक नाणं घेतलं, कडा पाहिली, शेजारी दुसरं पिवळं ठेवून जाडी ताडून पाहिली, आतल्या मोठ्या साहेबांना दाखवून आली. "खरी आहेत," ती म्हणाली. "घेतो आम्ही. पण मावशी, हात धुऊन ठेवत जा पैसे."

मायनं सगळी दिली, एक ठेवून घेतलं. तिथून ती थेट किराणा दुकानात गेली, ते नाणं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "पाच रुपयाची साखर. बँकेनं याच्या सोबतचे सारे घेतले आताच. जाऊन विचारून या, तवरोक मी उभी हावो."

रांग तुंबली. मागचा एक म्हातारा म्हणाला, "घे न बाप्पा, काहून खोळंबून राहिला?" दुकानदारानं साखर तोलली आणि नाणं गल्ल्यात टाकलं. त्या दुकानाची पायरी माय पुन्हा चढली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मले त्याले पटवाचं नव्हतंच. मले ते नाणं त्याच्या गल्ल्यात पडताना पाहाचं होतं."

मेसवाला काही महिन्यांनी परत आला. माझं बी.एस्सी. झालं. पुढं शिकायचं होतं, ते जमलं नाही. बाबांचा पाय यंत्रात सापडला आणि ते घरी बसले. मला अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी मिळाली. बाटल्या भरायच्या, द्रावणं बनवायची, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची यादी ठेवायची. तिथं मला नाण्यांची सवयच लागली. पर्समधली नाणी त्या सडक्या अंड्यांच्या वायूनं काळपट पडायची, तर मी ती फेकून न देता एका डबीत टाकायचे. स्टीलचं एक रुपयाचं नाणं गॅसच्या शेगडीत पडलं आणि मोरपिशी निळं होऊन निघालं, तेही ठेवलं. तापल्यावर स्टीलवर पापुद्र्यासारखा पातळ थर चढतो आणि उजेड त्यातून असा रंगीत दिसतो, ते मी पुस्तकातून शोधून काढलं. टाकसाळीबद्दलही वाचलं. कोऱ्या चकत्या आधी भट्टीत मऊ करतात, धुतात, मग त्यांच्यावर ठसा मारतात. भट्टीत धातूची धूळ चिकटली किंवा चकत्या नीट धुतल्या गेल्या नाहीत, तर ठशाच्या आधीच नाण्यावर डाग पडलेला असतो. पण असं क्वचित होतं. बहुतेक रंग नाण्याला बाहेर पडल्यावर, लोकांच्या हातात येतात.

बाबा गेल्यावर मायला मी अमरावतीला आणलं. लोणचं बंद झालं. दुपारची ती कंटाळायची. एका रविवारी शहरातल्या एका सभागृहात जुन्या-नव्या नाण्यांचं प्रदर्शन होतं, म्हणून मी तिला घेऊन गेले. राजामहाराजांच्या नाण्यांपुढं ती फार थांबली नाही. शेवटच्या टेबलावर 'आधुनिक नाणी: चुका आणि नवल' असा फलक होता. तिथं काचेखाली, निळ्या मखमलीवर, एक लाल पाच रुपयांचं नाणं होतं. शेजारी कार्ड: 'टाकसाळीतील दुर्मिळ चूक. तांब्याच्या चकतीवर ठसा.'

मायनं चष्मा सारखा केला. "अवं," ती मोठ्यानं म्हणाली, "हे तर आपलं लोनच्यातलं!"

चारपाच जण हसले. टेबलामागं बसलेले गृहस्थ उभे राहिले. सत्तरीचे असतील, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीचं भिंग.

"काय म्हणाल्या आजी?"

"असे मायापाशी ताटलीभर होते," माय म्हणाली. "लिंबाच्या खारात पडले का होते. मले याच्यापायी चौकीत नेलं होतं."

"आजी, हे वेगळं आहे. हे टाकसाळीत झालेलं आहे. जाणकारांनी तपासून दिलेलं आहे." त्यांचा स्वर वाईट नव्हता, लहान मुलाशी बोलावं तसा होता. तेच मला झोंबलं.

"मी भिंगातून बघू का?" मी विचारलं.

"आपण कोण?"

मी कॉलेजचं आणि कामाचं सांगितलं.

"म्हणजे प्राध्यापक?"

"नाही. सहायक."

"अच्छा," ते म्हणाले, आणि भिंग दिलं नाही. "मी तीस वर्षं हा छंद करतोय, ताई."

ते 'अच्छा' ऐकलं आणि मला चौकीची पायरी आठवली. तिथं मी ओढणी डोक्यावर घेतली होती. या वेळी मी पर्स बाजूला ठेवली आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात बोलले.

"तुम्ही तीस वर्षं बघताय, माझ्या आईनं हे रोज हाताळलंय. हे तांब्याच्या चकतीवरचं नाही. कडेला बघा, आकड्याच्या खोबणीत अजून पिवळं आहे. चकती तांब्याची असती तर पिवळं आलं कुठून? आणि नवीन नाणं हलवलं की त्यावर उजेड फिरतो, तसा इथं फिरत नाही. ठसा मारताना धातू दाबला जाऊन ती झळाळी येते. आंबटानं ती खाल्ली आहे. सोमवारी आमच्या कॉलेजात या, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. माझं चुकलं तर तुमच्या टेबलापुढं उभं राहून माफी मागेन."

"कॉलेजच्या साधनांवर तुमचा अधिकार आहे का?" एकानं मागून विचारलं.

"साफ रोज मीच करते," मी म्हटलं.

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण सोमवारी दुपारी ते रिक्षानं आले, खिशात तीन नाणी घेऊन. मी आमच्या विभागप्रमुखांची परवानगी आधीच काढून ठेवली होती. माय खुर्ची घेऊन भिंतीशी बसली होती, तिला घरी थांब म्हटलं तर ती ऐकणार नव्हती.

आधी लाल नाणं ठेवलं. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मोठं करून पाहिलं की त्यावर बारीक बारीक खड्डे दिसत होते, पापडावर असतात तसे. शेजारी मी एक नवं पिवळं नाणं ठेवलं, त्यावर ठशाच्या रेषा सरळ आतून बाहेर गेलेल्या होत्या. लाल नाण्यावर त्या रेषा खड्ड्यांत बुडाल्या होत्या.

"हं," ते म्हणाले.

दुसरं जांभळट स्टीलचं होतं. ते मी न बघताच सांगितलं, आगीतलं. त्यांनी वाद घातला नाही. तिसरं दोन रुपयांचं, त्यावर एक तपकिरी पट्टा. मी भिंगातून पाहिलं, खात्रीनं म्हणाले, "हाही बाहेरचाच डाग. चहा, गूळ, काहीतरी."

"सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघा ना," ते म्हणाले.

मी ठेवलं. ठशाच्या रेषा पट्ट्यातून न तुटता आरपार गेल्या होत्या. अक्षरांच्या कडा पट्ट्यातही धारदार होत्या. डाग ठशाच्या आधीचा होता. म्हणजे चकती भट्टीतून किंवा धुण्यातून निघाली तेव्हाच तो तिच्यावर होता. हे खरंच टाकसाळीतलं होतं.

"हे तुमचं बरोबर," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "माझं चुकलं."

ते पहिल्यांदा हसले. "तीस वर्षांत एक तरी बरोबर निघालं म्हणायचं," ते म्हणाले. मग लाल नाण्याकडं बघत राहिले. ते त्यांनी बरीच किंमत देऊन घेतलं होतं, किती ते सांगितलं नाही. "फसवलं मला," एवढंच म्हणाले.

"फसवणाऱ्यालेबी कोनी फसवलं असंन," भिंतीशी बसलेली माय म्हणाली. "नाणं तर खरंच हाये न. पाच रुपयाले तर चालतेच."

निघताना ते म्हणाले, कार्ड बदलतो. काय लिहू, विचारलं. मी म्हटलं, रंग टाकसाळीबाहेर आलेला, आम्ल आणि मिठामुळं जस्त निघून गेल्यानं.

"लोनचं लिवा," माय म्हणाली.

"आजी, प्रदर्शनात ते बरं दिसत नाही."

"काहून? चौकीत बसवाले बरं दिसत होतं. लोनचं इकनाऱ्या बाईच्या डब्यात असं होते, हे लिवा. मायं नाव नोका लिवू. पण लोनचं लिवा."

ते काही कबूल न करता गेले. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात मी एकटीच गेले, मायचे गुडघे दुखत होते. लाल नाणं टेबलावर होतं, मखमल नव्हती, आणि कार्डावर होतं: 'रंग नंतर आलेला. कारण: आम्ल व मीठ.' लोणचं नव्हतं. ते गृहस्थ मला बघून उभे राहिले, सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणाले आणि भिंग हातात दिलं. मी भिंग परत टेबलावर ठेवलं, खिशातलं पेन काढलं आणि कार्डाच्या खाली लिहिलं, 'उदा. लिंबाचं लोणचं.' त्यांनी पाहिलं. कार्ड काढून घेतलं नाही.

घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, "अक्षर तरी चांगलं काढलं का?"

आता माझ्याकडं लोक नाणी घेऊन येतात. मोबाइलवर कुणीतरी सांगत असतं, अमुक रंगाचं नाणं लाखाला जातं, आणि ते धरून माणसं तिवशाहून, चांदूर बाजाराहून बसनं येतात. काळी नाणी, सोनेरी मुलामा दिलेली, आम्लात बुडवून मुद्दाम लाल केलेली. मी खरं ते सांगते. ते बहुतेकांना आवडत नाही. एक जण म्हणाला, तुम्हाला स्वतःला स्वस्तात घ्यायचं असेल. विभागप्रमुख म्हणतात, कशाला त्यांच्या तोंडी लागता, माहीत नाही म्हणून सांगत जा. पण मला माहीत आहे, मग माहीत नाही कसं म्हणू?

मागच्या महिन्यात नांदगाव खंडेश्वरकडची एक शेतकरी बाई आली होती, माझ्याहून वयानं बरीच मोठी. तिच्या गोठ्याला आग लागली होती. जनावरं वाचली होती. राखेत तिला कधीतरी हरवलेलं एक रुपयाचं नाणं सापडलं, निळं-जांभळं झालेलं. जावयानं सांगितलं होतं, हे विकलं तर गोठा पुन्हा उभा राहील. तिनं ते पदराच्या गाठीतून सोडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभीच राहिली.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिलाही बघायला लावलं. मग सांगितलं की हे आगीनं झालं, याची किंमत एक रुपयाच.

तिनं नाणं उचलून मुठीत घट्ट धरलं. मला वाटलं, आता ही चिडेल किंवा रडेल.

"तुमी पक्कं सांगता?"

"पक्कं."

"जावई म्हणे का बाई खोटं सांगीन."

"सांगायचं असतं तर गोड खोटं सांगितलं असतं ताई," मी म्हटलं. "आगीचा पंचनामा झाला का?"

पंचनामा झाला नव्हता. कुणाकडं जायचं ते तिला माहीत नव्हतं, तलाठी भेटत नव्हता. मी हातातलं काम पोरांवर सोपवलं, कागद घेतला आणि तिचा अर्ज लिहायला बसले. गोठा किती फुटांचा, कडबा किती होता, पत्रे किती, एकेक विचारत गेले. तिनं सही केली, अंगठा नाही, नीट अक्षर काढून सही.

"आणि त्यायनं अर्ज घेतला नाई तर?" जाताना तिनं विचारलं.

"तर पोच मागायची," मी म्हटलं. "देत नाहीत तवरोक उठायचं नाही."